परदेशात घर हलवताय? वीस फुटी की चाळीस फुटी ते सगळ्यात शेवटी ठरवा

घरातलं कोणी कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनीला कायमचं निघालं की पहिला विषय व्हिसाचा आणि दुसरा सामानाचा, आणि सामानाचं बोलणं निघालं की लगेच कोणीतरी म्हणतंच, "एक कंटेनर बुक करून टाका ना, सगळं जाईल." माझं काम ट्रान्सपोर्टचं, जळगावहून मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराकडे गाड्या लावतो, त्यामुळे असे फोन मला बरेच येतात आणि जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच, वीस फुटी घेऊ की चाळीस फुटी? माझं म्हणणं असं की हा प्रश्न सगळ्यात शेवटचा आहे. काय न्यायचं ते आधी पक्कं करा, मग ते किती जागा खातं ते टेप लावून मोजा, मग डबा, म्हणजे कंटेनर, कुठे भरायचा ते ठरवा, एवढं झालं की साईज आपोआप ठरते. उलटं केलं की एकतर अर्ध्या रिकाम्या डब्याचं भाडं भरता नाहीतर ऐन लोडिंगच्या दिवशी सोफा दारातच उरतो आणि त्याचं करायचं काय यावर घरात भांडण.

आधी डब्याची ओळख करून घेऊ. २६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅकलीन नावाच्या अमेरिकन ट्रकवाल्याने आयडियल एक्स नावाच्या जहाजावर ५८ पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या, तिथून हे कंटेनरचं युग सुरू झालं. ट्रकवाला होता म्हणून त्याला कळलं की खरा वेळ आणि पैसा समुद्रात जात नाही, तो बंदरावर एकेक नग उतरवण्या-चढवण्यात जातो. पुढे या पेट्यांची मापं जगभर एकसारखी ठरली, म्हणून आज उरणला भरलेला डबा मेलबर्नच्या क्रेनला आणि टोरांटोच्या ट्रेलरला बरोबर बसतो.

वीस फुटी डबा बाहेरून २० फूट लांब, ८ फूट रुंद, साडेआठ फूट उंच. पण तुमच्या कामाचं माप आतलं, ते साधारण ५.९ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि २.३९ मीटर उंच, म्हणजे झाले जवळपास ३३ घनमीटर. आमच्या धंद्यात घनमीटर कोणी म्हणत नाही, सगळे सीबीएम म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा म्हणजे समोरचा समजतो की यांना माहिती आहे. चाळीस फुटी आतून बारा मीटरच्या थोडा वर, त्यात ६७ सीबीएम. आणि चाळीस फुटी हाय क्यूब म्हणजे तेवढाच लांब पण एक फूट जास्त उंच, त्यात ७६ सीबीएम. पण हे आकडे पाण्याने भरायचे असते तर खरे. घरसामान वेड्यावाकड्या आकाराचं असतं, खुर्चीचे पाय, सायकलचं हँडल, गोल डबे, मध्ये पोकळ्या राहतातच, म्हणून वीस फुटीत प्रत्यक्षात २५ ते २८ सीबीएम धरा आणि चाळीस फुटीत ५५ च्या आसपास. कोणी मुव्हर, म्हणजे घरसामान हलवून देणारा, तुम्हाला "वीस फुटीत ३३ सीबीएम बसवून देतो" म्हणाला तर त्याने घरसामान कधी भरलेलं नाही असं समजा.

वजनाचं टेन्शन मात्र सोडून द्या. लोक विचारतात की पितळेची भांडी, लोखंडी कपाट, पुस्तकं, एवढं वजन चालेल का. वीस फुटी डबा २८ टनांच्या आसपास माल उचलतो आणि घरसामानाचा ठोकताळा आहे एका सीबीएमला साधारण ११० किलो, म्हणजे तो डबा गच्च भरला तरी तुमचं वजन तीन-सव्वातीन टनांवर जात नाही. गंमत म्हणजे चाळीस फुटी दुप्पट लांब असून त्याची वजनाची मर्यादा वीस फुटीपेक्षा जास्त नसते, उलट थोडी कमीच असते, म्हणून फरशी, लोखंड असला जड माल वीस फुटीत जातो आणि कापूस, फर्निचर असला फुगीर माल चाळीसमध्ये. तुमचं घर फुगीर मालात मोडतं. तुम्ही जागेचे पैसे देताय, वजनाचे नाही.

आता मोजणी. हे काम कंटाळवाणं आहे पण सगळा हिशोब यावरच उभा आहे. टेप घ्या, प्रत्येक मोठ्या वस्तूची लांबी, रुंदी, उंची फुटात घ्या, तिन्हीचा गुणाकार करा आणि ३५.३ ने भागा, झाले सीबीएम. आपल्या घरातलं लोखंडी कपाट घ्या, साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल, गुणाकार झाला सव्वाएकोणतीस, भागले ३५.३ की ०.८३ सीबीएम. म्हणजे एकट्या कपाटाने वीस फुटीच्या कामाच्या जागेतला तिसावा-पस्तिसावा भाग खाल्ला. आता स्वतःला विचारा की ते कपाट तिकडे लागणार आहे का, कारण कॅनडा-अमेरिकेच्या घरांमध्ये भिंतीतली कपाटं बहुतेक ठिकाणी असतातच. हाच प्रश्न प्रत्येक वस्तूला विचारला ना की यादी अर्ध्यावर येते, हे मी कितीतरी घरांमध्ये बघितलंय. पलंग सुटा होत असेल तर सुटा करून मोजा, डायनिंग टेबलचे पाय काढून मोजा, आणि शेवटी जी बेरीज येईल तिच्यात पॅकिंगचे म्हणून पंधरा-वीस टक्के वाढवा, कारण बबल रॅप, कोरुगेटेड शीट, खोकी हे सगळं जागा खातं.

विजेच्या वस्तूंचं एक सांगून टाकतो. अमेरिका आणि कॅनडात घरातला करंट १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, आपला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. आपला फ्रीज, वॉशिंग मशीन, एसी तिकडे नेण्यात काही अर्थ नाही. मिक्सर ट्रान्सफॉर्मर लावून चालतो, पण तो ट्रान्सफॉर्मर मिक्सरपेक्षा जड आणि ओट्यावर कायमचा ठाण मांडून बसतो. जर्मनी, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, दुबई इकडे व्होल्टेज आपल्यासारखंच, फक्त पिना वेगळ्या, तिथे मिक्सर आणि घरघंटी खुशाल न्या.

बेरीज आली की पुढचा प्रश्न, पूर्ण डबा घ्यायचा की दुसऱ्यांबरोबर वाटून. पूर्ण डब्याला एफसीएल म्हणतात, वाटून घेतलेल्याला एलसीएल. एलसीएल म्हणजे आपली जळगाव-चोपडा काळीपिवळी समजा, सीटपुरतेच पैसे द्यायचे पण गाडी भरल्याशिवाय हलत नाही आणि वाटेत एकाची अडचण झाली की सगळे थांबतात. इथे ती अडचण म्हणजे कस्टम्स. तुमच्या डब्यातल्या दुसऱ्या कोणाच्या मालावर तिकडे शंका आली की डबा उघडून तपासणी होईपर्यंत तुमचाही माल अडकतो. शिवाय एलसीएलचा माल जास्त हाताळला जातो, इकडे गोदामात उतरतो, डब्यात चढतो, तिकडे परत गोदामात उतरतो, तुमच्या गाडीत चढतो, म्हणून एलसीएलने पाठवायचं तर प्लायवूडच्या मोठ्या बंद पेटीत, ज्याला लिफ्टव्हॅन म्हणतात, त्यातच पाठवा. सुट्या खोक्यांनी पाठवू नका, एखादं खोकं हरवलं की त्याचा माग काढता काढता नाकीनऊ येतात.

एलसीएलचा खरा घोळ मात्र पलीकडच्या टोकाला आहे, आणि तो मी अगदी कळकळीने सांगतो कारण लोक इथेच फसतात. इकडचा रेट फार स्वस्त सांगितला जातो, ऐकून वाटतं व्वा, आणि माल तिकडे पोचला की तिकडचा एजंट डब्यातून माल वेगळा करण्याचे, बंदराच्या हाताळणीचे, कागदाचे, गोदामाचे असे एकेक चार्ज लावत जातो आणि ते भरल्याशिवाय माल सुटत नाही, आणि तुम्ही नव्या देशात, नव्या नोकरीत, भांडायला कुठे जाणार. म्हणून कोटेशन मागताना "तिकडच्या घराच्या आतपर्यंत, तिकडचे सगळे चार्जेस धरून, कस्टम ड्युटी सोडून" असं लेखी मागा. जो एवढं लिहून द्यायला कांकू करतो त्याला सोडा. साधारण १३ ते १५ सीबीएमच्या पुढे गेलं की एलसीएल आणि वीस फुटीचा खर्च जवळजवळ येतो आणि तिथून पुढे वीस फुटी घेणंच शहाणपणाचं, मग डबा थोडा रिकामा गेला तरी चालेल. पाच-सहा सीबीएम असेल तर एलसीएल. आणि दोन-तीन खोकीच असतील तर जहाजाच्या भानगडीत पडूच नका, विमानात जास्तीच्या बॅगा घ्या.

वीस की चाळीस हा प्रश्न खरं म्हणजे २८ ते ३२ सीबीएम बेरीज आली तरच अवघड होतो. चाळीस फुटीचं समुद्राचं भाडं वीस फुटीच्या दुप्पट नसतं, त्यामुळे लोकांना मोह होतो की थोडे जास्त टाकून मोठाच घेऊ. पण मोठा डबा घेतला की तो भरायची हाव सुटते, दिवाण पण टाक, जुना कूलर पण टाक, आणि तिकडे उतरवायला मजूर तासावर पैसे घेतात, तेही आपल्यासारखे नाही. माझं मत विचाराल तर ३० च्या आसपास असाल तर यादीतल्या तीन-चार वस्तू इकडेच वाटून टाका आणि वीसमध्ये बसा. दोन कुटुंबांचं सामान एकत्र जात असेल किंवा सागाचं सगळं फर्निचर न्यायचंच असेल तर मग चाळीस, आणि चाळीस घेताच आहात तर हाय क्यूब मागा, फरक थोडा आणि वरचा एक फूट गाद्यांना कामी येतो.

आता आपल्या खान्देशचा खास प्रश्न, डबा भरायचा कुठे. मुंबई-पुण्याच्या लोकांना हा प्रश्न फारसा पडत नाही, आपल्याला पडतो. रिकामे डबे पडलेले असतात न्हावा शेवाच्या आजूबाजूच्या यार्डांमध्ये, उरण-पनवेलकडे. जळगावला डबा दारात हवा असेल तर ट्रेलर तो रिकामा डबा घेऊन कसारा घाट चढून नाशिक, मालेगाव, धुळे, पारोळा, एरंडोल करत सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर येणार आणि भरून तेवढाच परत जाणार, म्हणजे जाण्या-येण्याचं दोन्ही भाडं तुमच्या माथी. भुसावळला कंटेनरच्या मालगाड्या आपण रोज बघतो म्हणून लोकांना वाटतं की तिथेच चढवू, पण एका घराच्या एका डब्यासाठी मुव्हर लोक रस्त्यानेच काम करतात. आणि ट्रेलर आला तरी तो उभा कुठे राहणार? चाळीस फुटीचा ट्रेलर डोक्यासकट पन्नास फुटांच्या वर जातो, जुन्या जळगावात, धुळ्याच्या पेठांमध्ये, अमळनेरच्या बोळांमध्ये तो वळतच नाही. वर डब्याची फळी जमिनीपासून चार-पाच फूट उंच असते, कारखान्याला माल चढवायचा धक्का असतो, घराला नसतो, म्हणजे प्रत्येक नग खांद्यावर उचलून वर द्यायचा. त्यात ट्रेलरला ठरलेल्या तासांपेक्षा जास्त थांबवलं की हॉल्टिंग, म्हणजे थांबण्याचं भाडं, चालू.

म्हणून आपल्याकडून बहुतेक वेळा दुसरा रस्ता बरा पडतो. पॅकिंगवाले घरी येतात, सगळं इथेच नीट बांधतात, नंबर टाकतात, बंद बॉडीच्या ट्रकमध्ये भरतात, तो ट्रक न्हावा शेवाजवळच्या सीएफएसला जातो, सीएफएस म्हणजे कस्टम्सच्या देखरेखीखालचं कंटेनरचं गोदाम, तिथे कस्टम्सची तपासणी होते आणि तिथेच माल डब्यात भरतात, याला स्टफिंग म्हणतात. तपासणी तशीही तिथे व्हायचीच असते, मग भरलेला डबा तिथे जाऊन उघडण्यापेक्षा हे सरळ. एक उतार-चढ जास्त होते हे खरं, म्हणून पॅकिंग मजबूत पाहिजे आणि पॅकिंग करणारी आणि डब्यात भरणारी माणसं एकाच कंपनीची पाहिजेत. दोन वेगवेगळ्या पार्ट्या असल्या की फुटलेल्या वस्तूची जबाबदारी ते एकमेकांवर ढकलतात. शहादा-नंदुरबारकडच्या लोकांना सुरत जवळ, ते तिथल्या हजिरा बंदराचं विचारतात, विचारायला हरकत नाही, पण ज्या मुव्हरकडे घरसामानाचं काम नेहमी होतं तो ज्या बंदरातून करतो तेच बंदर घ्या. दीडशे किलोमीटर वाचवायला अननुभवी माणूस गाठू नका.

डबा कसा आहे हे बघणं मला साईजपेक्षा महत्त्वाचं वाटतं. भाड्याच्या डब्यात तुमच्या आधी काय गेलंय ते तुम्हाला कोणी सांगत नाही, केमिकल गेलं असेल, कातडी गेली असेल, मिरची गेली असेल. स्टफिंगला घरातलं कोणी हजर राहू शकत असेल तर जरूर राहा. रिकाम्या डब्यात आत जा, सोबतच्या माणसाला बाहेरून दोन्ही दारं लावायला सांगा, मिनिटभर तसंच उभं राहा. डोळे अंधाराला सरावले की आधी छताकडे बघा, मग कोपऱ्यांकडे, मग दाराच्या कडेकडे. सुईच्या टोकाएवढा जरी उजेड दिसला तरी तो डबा परत करा, कारण जिथून उजेड येतो तिथून समुद्राचं पाणी येतं. त्याच मिनिटात नाकही वापरा, बंद डब्यात वास लपत नाही, आणि मसाल्याचा, रॉकेलचा, ओल्या कातड्याचा वास गाद्या-गोधड्यांमध्ये एकदा बसला की धुऊन जात नाही. खालची जमीन जाड प्लायवूडची असते, तिच्यावर हात फिरवा, तेलाचा डाग, ओल, वर आलेला खिळा बघा. दाराचं रबर दाबून बघा, ते कडक होऊन तडकलेलं नको. बाहेर दारावर एक छोटी धातूची पाटी रिव्हेट केलेली असते, सीएससी प्लेट, डबा सुरक्षित आहे याची ती पाटी, ती नसलेला डबा घेऊ नका. दारावर मोठ्या अक्षरात डब्याचा नंबर असतो, चार अक्षरं, त्यातलं चौथं यू, मग सहा आकडे आणि शेवटी चौकटीतला एक आकडा, त्याचा फोटो काढा, दार बंद झाल्यावर लावलेल्या बोल्ट सीलचाही फोटो काढा, आणि नंतर बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या मालाच्या पावतीवर, तेच नंबर आलेत का ते एकेक आकडा करून ताडून बघा. जाता येत नसेल तर मुव्हरकडून चार फोटो आधीच कबूल करून घ्या, रिकामा डबा, अर्धा भरलेला, पूर्ण भरलेला, आणि सील लावलेलं दार.

पाऊस न पडताही डब्यात पाणी पडतं, हे अनेकांना पटत नाही. होतं असं की स्टफिंगच्या वेळी डब्यात दमट गरम हवा कोंडली जाते, जहाज पुढे थंड समुद्रात गेलं की लोखंडी छत थंड होतं, हवेतली वाफ छताला लागून थेंब बनते आणि ते थेंब खाली सामानावर टपकतात. याला कंटेनर रेन म्हणतात. जळगावच्या मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत सामान भरलं तर लाकूड, कापूस सगळं कडक वाळलेलं असतं, ते एका अर्थी चांगलं, पण तोच ट्रक जुलैमध्ये उरणला गेला की तिथली हवा ओली. म्हणून पावसाळ्यात शक्यतो पाठवूच नका, पाठवावंच लागलं तर डब्यात लटकवायच्या ओल शोषणाऱ्या पिशव्या, कॅल्शियम क्लोराईडच्या, कोटेशनमध्ये लिहून घ्या. आणि लाकडी किंवा लेदरच्या वस्तूला थेट प्लास्टिक गुंडाळू देऊ नका, आतली ओल आतच राहून बुरशी धरते, आधी कागद किंवा ब्लँकेट आणि मग वरून प्लास्टिक.

लाकडाबद्दल अजून थोडं, कारण आपल्याकडे सागाचा झोपाळा, जुन्या वाड्याचं कोरीव दार, शिसमचा पलंग यात लोकांचा जीव अडकलेला असतो. पॅकिंगच्या पेट्यांचं लाकूड आयएसपीएम १५ या नियमाप्रमाणे तापवलेलं हवं, लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं, आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का हवा, त्यात एचटी अशी अक्षरं असतात. हा शिक्का नसला तर पेटी तिकडे अडवतात. सागाच्या फर्निचरला अडचण नाही, फक्त वाळवी किंवा भुंग्याची भोकं नकोत. शिसम मात्र जपून, ते झाड ज्या जातीत येतं ती सगळी जात २०१७ पासून साइट्स या, धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या, आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, त्यामुळे शिसमच्या मोठ्या फर्निचरला वेगळा कागद लागू शकतो, पॅकिंगच्या आधीच मुव्हरला विचारा. आणि कोरीव दार, पितळेचे देव, समया शंभर वर्षांच्या वरच्या असतील तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. जुन्या दिसणाऱ्या पण तेवढ्या जुन्या नसलेल्या वस्तूसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं, ही पुरातन वस्तू नाही असं प्रमाणपत्र मिळतं, ते आधी घ्या.

मागे एका घरी यादी करत होतो, सगळं झालं आणि आत्याबाई आतून खापर घेऊन आल्या, मांडे भाजायचं मातीचं, काळंभोर झालेलं. सूनबाई म्हणाली, "आत्या, ते फुटेल हो." तर त्या म्हणाल्या, "तठे खापर कोठे भेटी व माय?" बरोबरच होतं त्यांचं. खापर नेता येतं, फक्त घासून-धुऊन उन्हात कडक वाळवायचं, माती-राख चिकटलेली नको, आतल्या पोकळीत जुनी गोधडी ठासायची, तोंड खाली करून खोक्यात ठेवायचं आणि चारी बाजूंनी कपडे भरायचे. पण सूप, टोपल्या, केरसुणी, धान्याची पोती, वाळलेली मिरची, बियाणं हे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला निघालेल्या डब्यात टाकू नका. तिथे जैवसुरक्षेची तपासणी फार कडक, अशी एक वस्तू सापडली की सगळा डबा उघडतात आणि धुरी देण्याचा, तपासणीचा खर्च तुमच्याकडून घेतात. पापड, कुरडया, काळा मसाला यांच्यावरून डब्याचं नशीब पणाला लावू नका, कुठल्याही देशाला जात असाल तरी खाण्याचं डब्यात नको.

कागदांचं थोडक्यात. प्रत्येक खोक्याला नंबर आणि त्या नंबरसमोर आत काय आहे याची इंग्रजी यादी, "किचन आयटम" असं मोघम नाही, नीट लिहिलेली. वापरलेल्या सामानाला बहुतेक देशांत ड्युटी लागत नाही, पण अटी आहेत. अमेरिकेत वस्तू किमान एक वर्ष वापरलेली लागते आणि ३२९९ नंबरचा कस्टम्सचा फॉर्म भरायचा. ब्रिटनमध्ये वस्तू किमान सहा महिने तुमच्याकडे वापरात असावी आणि टीओआर म्हणजे रहिवास बदलाची सवलत, तिचा अर्ज माल पोचायच्या आत करावा लागतो. कॅनडाला पहिल्यांदा उतरताना विमानतळावरच मागून येणाऱ्या सामानाची यादी द्यायची असते, हे कॅनडावाल्यांनी नक्की लक्षात ठेवा. आणि निघायच्या आधी हौसेने नवा टीव्ही, नवी भांडी सील न फोडता टाकू नका, नव्या वस्तूवर ड्युटी लागते.

विमा घ्या. मुव्हर तोंडी सांगतो त्यावर जाऊ नका, पॉलिसीचा कागद हातात घेऊन वाचा. स्वतः बांधलेल्या खोक्याला धंद्यात पीबीओ म्हणतात आणि त्यातली वस्तू फुटली तर बऱ्याच पॉलिसींमध्ये पैसे मिळत नाहीत, म्हणून काचेचं आणि चिनीमातीचं पॅकिंगवाल्यांकडूनच बांधून घ्या, तुम्ही कपडे आणि पुस्तकं बांधा. वस्तूची किंमत इथे घेतली तेव्हाची लिहू नका, तिकडे नवी घ्यायला काय पडेल ती लिहा. आणि पॉलिसीत जनरल ॲव्हरेज आहे का ते बघा. समुद्राचा जुना कायदा आहे की जहाज आणि माल वाचवायला कप्तानाने जो काही जादा खर्च किंवा नुकसान सोसलं ते सगळ्या मालकांनी मिळून भरायचं, तुमच्या डब्याला खरचटलंही नसलं तरी. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन नावाचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं, सहा दिवसांनी सुटलं पण नुकसानभरपाईच्या वादात जुलैपर्यंत इजिप्तमध्येच राहिलं आणि त्यावर जनरल ॲव्हरेज जाहीर झालं. ज्यांचा विमा होता त्यांच्या कंपन्यांनी हमी दिली, ज्यांचा नव्हता त्यांना माल सोडवायला स्वतः हमीचे पैसे उभे करावे लागतात. घरसामानवाल्याला हा नियम ठाऊकच नसतो आणि तो त्यालाही लागू आहे.

शेवटचं वेळेचं. जहाजाची तारीख ही एसटीच्या वेळापत्रकासारखी धरू नका. २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोप आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडची बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, असं काही पुन्हा केव्हाही होऊ शकतं, त्यामुळे बुकिंगच्या दिवशी सध्याचा मार्ग कुठला ते विचारा. डबा तुमच्या आधी पोचणंही वाईटच. तुम्ही तिकडे नसाल, पत्ता नसेल, तर फुकटचे दिवस संपल्यावर बंदरात पडलेल्या डब्याचा डेमरेज, म्हणजे दंडाचं भाडं, चालू होतो आणि बाहेर आणलेला डबा वेळेत रिकामा करून परत दिला नाही की डिटेंशन, दोन्ही दिवसावर आणि दिवस वाढले की दर वाढतो. म्हणून तिकडे घराची चावी मिळायची तारीख धरून मागे मोजा, फुकटचे दिवस किती ते बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या, आणि पहिले दोन-तीन महिने सामानाशिवाय काढायचे आहेत असं धरूनच बॅगा भरा. सोनं, औषधं, मुलांचे शाळेचे दाखले, डिग्र्या, लग्नाचं सर्टिफिकेट, प्रॉपर्टीचे कागद यातलं काहीही डब्यात जाणार नाही, ते तुमच्याबरोबर विमानात, आणि बिल ऑफ लेडिंगची मूळ प्रत कोणाकडे आहे ते निघायच्या आधी विचारून घ्या, कारण मूळ प्रत दिली असेल तर तिच्याशिवाय तिकडे माल सोडत नाहीत.